लाल ठिपक्याचं टोक

मामाने ती फळी आणली तेव्हा बाबांनी हातात पाना धरायचं सोडून सात महिने झाले होते.

बाबा न्हावा शेव्याकडच्या एका यार्डात फोर्कलिफ्ट, म्हणजे ओझी उचलणारं यंत्र, चालवत. आमचं गाव उरणच्या वाटेवरचं. बंदर आलं, मिठागरं गेली, आणि काही वर्षांनी बाबांना यार्डात काम मिळालं, तेव्हा आम्ही नवीन पनवेलला बिऱ्हाड केलं. यंत्र चालवायचं आणि बिघडलं तर दुरुस्त करायचं, दोन्ही त्यांना यायचं. एका दुपारी कंटेनरच्या दोन रांगांमध्ये वळताना त्यांच्या यंत्राची मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाचा पाय कंटेनरला चेपला. माणूस वाचला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. चौकशी झाली. बाबांची चूक होती की नव्हती हे कोणी स्पष्ट लिहिलं नाही, पण त्यांना यंत्रावरून उतरवून गेटवर बसवलं. येणाऱ्या ट्रेलरचे नंबर वहीत लिहायचे, दांडा वर करायचा, दांडा खाली करायचा.

तेव्हापासून घरातली कामंही त्यांनी सोडली. त्याआधी आमचा मिक्सर कधी दुकानात गेला नव्हता. आईने एकदा हत्यारांची कॅनव्हासची पिशवी उचलून विचारलं, "माळ्यावर टाकू काय ही?" बाबा म्हणाले, "टाक." पुढे नळ गळायला लागला आणि वायसर बदलायला प्लंबर आला, तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. प्लंबरचा पाना नटावरून सारखा सटकत होता. तो आवाज मला ऐकू येत होता, म्हणजे त्यांनाही येत असणार.

मी तेव्हा बारावीत होते. पनवेलच्या इंग्रजी शाळेतून कॉलेजात गेलेली. घरची बोली शाळेत हसण्यावारी जायची आणि शाळेतली भाषा घरी, त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायचं हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. न बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं पुष्कळ दिसतं, असं मला वाटायचं. आता तितकी खात्री नाही.

मामा बोटीवर नोकरीला. त्या खेपेला तो आला तो काखेत एक लांब गुंडाळी घेऊन. चादर सोडली तर आतून फळी निघाली, उभी केली तर माझ्या छातीपर्यंत येणारी, दोन्ही टोकं सारखीच गोल, खाली चार मऊ चाकं.

"हे काय आणलंस रे? धुणं बडवायला?" आईने विचारलं.

"ताई, यावर उबं राहायचं."

"आन मग?"

"मग पडायचं."

आई हसली. बाबांनी पेपर खाली केला, फळीकडे पाहिलं आणि पेपर वर केला.

मी कधीतरी एका मासिकात चित्र पाहिलं होतं. डोंगरातला वळणाचा रस्ता आणि फळीवर वाकून उभी असलेली एक मुलगी. मामाला पत्रात मी त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि विसरून गेले होते. तो विसरला नव्हता. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात एकाने आपली जुनी फळी विकायला काढली, ती याने उचलली.

फळीबरोबर वर्तमानपत्रात बांधलेला एक जड पुडा होता. फळीच्या खाली चाकं ज्या धातूच्या सांगाड्यावर बसतात त्याला ट्रक म्हणतात, एक पुढे आणि एक मागे. सांगाड्याच्या मधोमध एक जाड बोल्ट असतो आणि बोल्टाभोवती रबराचे बुश. आपण एका बाजूला वजन टाकलं की रबर दबतं, चाकांचा आस तिरका होतो आणि फळी वळते. फळीला लावलेली जोडी साधी होती. पुड्यातली दुसरी जोडी वेगळी. तिच्या बैठकीचा, म्हणजे फळीला टेकणाऱ्या भागाचा, कोन बदलता यायचा. बाजूचा बोल्ट सैल करून बैठक वर-खाली करायची आणि पुन्हा आवळायची. किती कोन झाला हे कळायला धातूवर सात रेघा कोरलेल्या होत्या. सोबत घड्या पडलेला एक इंग्रजी कागद होता.

मामा चार दिवस राहून गेला. साध्या जोडीवर मी तोल सांभाळायला शिकले. नवीन पनवेलमध्ये तेव्हा कितीतरी सेक्टरांत रस्ते आणि दिवे आधी आले होते, इमारती यायच्या होत्या. सकाळी सहाला तिथे कोणी नसायचं. फळी मी तांदळाच्या गोणीत घालून न्यायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "काय गं, रोज इस्त्रीची फळी घेऊन कुठे जातेस?" मी नुसती हसले. पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. त्या अर्ध्या तासात मला कोणी पाहत नव्हतं आणि मीही कोणाला पाहत नव्हते.

मग सपाट रस्ता पुरेनासा झाला. वसाहतीच्या कडेला एक टेकडी होती, वर पाण्याची टाकी. टाकीपर्यंत डांबरी रस्ता जायचा, खाली साखळी लावलेली, त्यामुळे गाड्या यायच्या नाहीत. उताराच्या पहिल्या शंभर पावलांतच लक्षात आलं की साधी जोडी फार सैल आहे, जरा वजन हललं की फळी भलतीकडे वळते. घरी येऊन मी सायकलचा पाना घेतला आणि मधला नट आवळायला लागले. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला.

"थांब."

बाबा खुर्चीतून उठले नव्हते. पेपर मात्र मांडीवर आला होता.

"कोपरे खाल्लेस त्याचे. अमेरिकेचा नट हाय तो, इंची. तुजा पाना मिलीमीटरचा."

"मग काय करू?"

बाबांनी माळ्याकडे पाहिलं. आत आई भाकरी थापत होती, तो आवाज थांबला.

"माझ्या पिशवीत इंची पाने हायत," ते म्हणाले. "काढ पिशवी."

मी स्टुलावर चढून पिशवी काढली. तिच्यावर धूळ होती. बाबांनी ती पुसली नाही, तशीच उघडली.

त्या दिवशी त्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून दोन्ही जोड्या शेजारी शेजारी मांडल्या. बोल्ट, नट, रबर, वायसर, सगळं सुटं करून ओळीने ठेवलं. मग ते मागे सरकून बघत बसले.

"कुठली लावायची?"

"साधीच बरी ना, बाबा? तिच्यात बिघडायला काही नाही."

"साधी हाय तशीच राहनार." त्यांनी दुसरी जोडी उचलून हातात तोलली. "हिला सांगता येतंय, आपल्याला काय पायजे ते."

जुनं रबर दगडासारखं झालं होतं. रविवारी आम्ही जुन्या पनवेलच्या बाजारात एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरला जे रबरी बुश असतात ते बाबांनी मागितले. एकेक घेऊन नखाने दाबून बघत होते.

"स्कूटर कुठली?" दुकानदाराने विचारलं.

"स्कूटर नाय. पोरीची गाडी हाय."

"मॉडेल कुठलं?"

"बारावीचं."

दुकानदार हसला. बाबा हसले नाहीत, पण दुकानातून बाहेर पडल्यावर त्यांनी मला उसाचा रस घेणार का म्हणून विचारलं. मी रसाचा ग्लास हातात धरून त्यांच्याकडे चोरून पाहत होते. ते रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेली गाडी बघत होते.

बुश त्यांनी साबणाच्या पाण्यात बुडवून हॅक्सॉच्या पात्याने मापात कापले. वरचा जरा मऊ, खालचा कडक. कडक का, हे सांगितलं, "वजन खालचा घेतो, वरचा फक्त परत आनतो." मग मला कागद वाचायला सांगितला. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. बैठकीची रेघ वर गेली की फळी जास्त वळते. रेघ खाली आली की कमी वळते, सरळ आणि स्थिर जाते.

"म्हंजे दोघांना येगयेगलं ठेवता येतंय?"

"हो. तसं लिहिलंय."

बाबांचा चेहरा बदलला. गेटवर गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांनी पुढचा ट्रक सगळ्यात खालच्या रेघेवर आणला आणि घट्ट आवळला. मागचा सगळ्यात वरच्या रेघेवर.

"वजन पुढं असतंय, बाय. पुढचं हलता कामा नये. वलायचं काम मागच्याचं. फोर्कलिफ्टचं तसंच हाय. पुढची चाकं वजन उचलतात, सरल राहतात. इतर गाडीवाल्याला ते जमत नाय, त्याला वाटतं गाडी पुढनंच वलते."

फळी सारख्या टोकांची असल्याने पुढचं कुठलं ते कळावं म्हणून त्यांनी पुढच्या टोकाला लाल ठिपका दिला. गेटचा दांडा रंगवून उरलेला तैलरंग होता तो.

"आनखी काय लिवलंय त्यात?"

कागदाची शेवटची घडी मी तेव्हाच उघडली. तिथे चार ओळी होत्या. उतारावर पुढचा ट्रक जास्त वळणारा ठेवा आणि मागचा कमी. याच्या उलट ठेवल्यास वेगात फळीची मागची बाजू बाहेर फेकली जाईल.

बाबा ब्रश कागदाला पुसत होते. बोटांना लाल रंग लागला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "पत्ता आहे."

कागद मी फिजिक्सच्या पुस्तकात ठेवला. मला वाटलं, कागदातलं सगळंच खरं असतं असं नाही. आणि मला वाटलं, ते शेवटचं वाक्य या माणसाला मी कसं वाचून दाखवू?

दुसऱ्या दिवशी टाकीच्या रस्त्यावर लाल ठिपका पुढे ठेवून निघाले. पहिला टप्पा बरा गेला. वेग वाढला तशी फळी मागून थरथरायला लागली, आधी बारीक, मग इतकी की पाय ठरेनात. शेपटीला धरून कोणीतरी हलवावं तसं. मी कडेच्या गवतात उडी मारली. फळी गटाराला आपटून थांबली. मला काही लागलं नाही, तळहात तेवढे सोलले.

बराच वेळ मी तिथे बसून होते. मग फळी उचलली, वर गेले, आणि ती उलटी फिरवून ठेवली. ठिपका मागे. जे टोक बाबांच्या हिशेबाने मागचं, ते पुढे. एवढंच करायचं होतं. फळी इतकी गुणाने खाली आली की मला रडू आलं.

"कशी चालते?" घरी आल्यावर बाबांनी विचारलं.

"छान."

"मागनं वलते ना?"

"हो."

पुढचा दीड महिना हा प्रश्न आणि हे उत्तर रोज. बाबांनी मिक्सर उघडून दुरुस्त केला. गॅलरीचं कुरकुरणारं दार नीट केलं. जेवताना त्यांनी आईला सांगितलं, यार्डातल्या कोणाला तरी ते म्हणाले होते की माझी पोरगी डोंगरावरून खाली येते आणि सेटिंग माझं आहे. आई म्हणाली, "ही पडली तर त्यांना काय सांगाल?" बाबा म्हणाले, "नाय पडनार." मी पाणी आणायला उठले.

मग एका संध्याकाळी ते कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसले.

"एक अर्ज लिव. इंग्लिशमदी. की मना परत मशीनवर घ्या. टेस्ट घ्या म्हनावं, मी तयार हाय."

मी लिहिला. शाळेत शिकवलं होतं तसा, नम्र आणि स्वच्छ. त्यांनी माझ्याकडून तो तीनदा वाचून घेतला आणि प्रत्येक वाक्याला मान हलवली. आठवड्याभराने यार्डातून होकार आला. टेस्ट गुरुवारी.

त्याआधीच्या रविवारी बाबा म्हणाले, "आज मी येतो बघायला."

मी नको म्हणायला हवं होतं. काय कारण सांगू ते सुचलं नाही. आम्ही दोघं चालत गेलो. बाबांनी गोणी माझ्याकडून घेऊन खांद्यावर टाकली होती. साखळीजवळ रस्त्याखालून पाणी जाणारी एक लहान मोरी होती, तिच्या कठड्यापाशी ते उभे राहिले आणि मला गोणी दिली. मी एकटी वर गेले.

वर टाकीपाशी मी फळी खाली ठेवली, ठिपका पुढे. मग फिरवली. पुन्हा फिरवली. ठिपका पुढे ठेवला तर हळू जायला हवं, आणि त्या उतारावर हळू जाता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत मी पडले तर? त्यांच्या हातून पुन्हा कोणाला तरी लागलं, असंच ते धरतील आणि गुरुवार गेलाच. आणि ठिपका मागे ठेवला तर एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार आहे?

मी ठिपका मागे ठेवला आणि निघाले.

त्याहून चांगली मी कधी आले नसेन. रस्त्याची दोन्ही वळणं नीट घेतली, शेवटच्या सपाटीवर पाय टेकून त्यांच्यासमोर थांबले. बाबा हसत होते. मोठ्याने, दात दिसेपर्यंत. "आयला, बाय!" म्हणाले, आणि फळी उचलायला वाकले. मी जिकडून आले होते त्या बाजूच्या टोकाला ठिपका होता.

ते वाकलेलेच राहिले.

"ठिपका मागं हाय."

"चुकून ठेवली, बाबा."

"चुकून नाय."

कठड्यावर बसून त्यांनी फळी मांडीवर उताणी घेतली. आधी एका ट्रकवर अंगठा दाबून आस हलवून पाहिला, मग दुसऱ्यावर. यंत्रातला माणूस तो, मिनिटभरात त्यांना कळलं.

"मागनं फेकते. ना?"

मी खाली बघून मान हलवली.

"पडलीस?"

"नाही. उडी मारली गवतात."

"कदी?"

"पहिल्याच दिवशी."

"कागदात व्हतं हे?"

"हो."

त्यांनी चाकाला एक टिचकी मारली. चाक बराच वेळ फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

"सांगितलं असतंस तर दोन नट फिरवले असते मी," ते म्हणाले. "दा मिन्टाचं काम. गाडी बांधताना चुकतंच, फिरवायचं, परत बांधायचं. तुला काय वाटलं? मी मोडून जाईन?"

तेच वाटलं होतं. मी कमरेच्या ओढणीची गाठ सोडायला लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, मी उत्तर दिल्यासारखी.

दुपारी त्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. दोन्ही ट्रक सैल करून पुढचा वरच्या रेघेवर आणि मागचा खालच्या रेघेवर आणला. बुशही अदलाबदल करून पाहिले, एकदा फळी जमिनीवर ठेवून स्वतः उभे राहिले, अर्धा फेरा नट कमी केला. सगळं अगदी नेमकं. मी दारात उभी होते. त्यांना पाने द्यावेत असं वाटत होतं, पण त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही. काम झाल्यावर पाने एकेक करून पुसले, पिशवीत घातले, स्टूल ओढलं आणि पिशवी स्वतः माळ्यावर ठेवली.

गुरुवारी त्यांनी गेटवरचेच कपडे घातले.

"आज टेस्ट ना?" आईने डबा भरता भरता विचारलं.

"नाय. मी सांगितलं त्यांना, राहू द्या."

"का?"

"का म्हंजे? माझी पोरगी माझी गाडी उलटी करून चालवते. तीच बरी चालते."

ते हसत म्हणाले होते. आईलाही गंमत वाटली, ती हसली. मी आतल्या खोलीत कॉलेजला जायला बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झाली होती, तरी मी बांधत राहिले, बाहेरचं दार लागेपर्यंत.

बाबा गेटवरच राहिले आणि गेटवरूनच निवृत्त झाले. मी त्यानंतर वर्षभर टाकीच्या रस्त्यावर जात होते. कधी कधी वाटायचं, घरी जाऊन सांगावं की मागचा ट्रक जरा ढिला वाटतोय, बघता का? पण तो ढिला वाटला नाही. बाबांनी त्या रविवारी आवळलेले नट कधी सुटले नाहीत, आणि लाल ठिपका पुढे ठेवून कितीही वेगात आले तरी फळी थरथरली नाही.